एका वेळी एकच खड्डा

कालिम्पाँग, ३ मार्च

दाजु,

आधी हे लिहिते की कुणी मेलेलं नाही. भाउजू म्हणते, बर्फातल्या चौकीवर घरचं पत्र आलं की तुम्ही माणसं पहिली ओळ वाचून होईपर्यंत उभीच राहता. तर आता बस. आमा बरी आहे, भाउजू बरी आहे, तुझ्या सिर्जूचा पुढचा दात पडला आणि तिने तो उंदराच्या बिळात टाकला. मीही बरी आहे. तू विचारलं नाहीस तरी लिहिते.

मी थोड्याच दिवसांसाठी म्हणून आले होते. लाचेनच्या रस्त्याचं काम बर्फामुळे थांबलं. आमचा मुकादम फुर्बा दाइ म्हणाला, "घरी जाऊन झोपा, रस्ता उघडला की बोलावतो." तुला माहीत नसेल, मी आता त्याच्या टोळीत डोंगर अडवायच्या भिंती बांधते. पार्लर सोडलं, बंगळुरूही सोडलं. मध्ये तिस्तेवर होड्या चालवणाऱ्यांकडे भात शिजवत होते, पण तिथला मालक मोमोमध्ये कोबी जास्त आणि मांस कमी भरायला सांगायचा, त्यावरून भांडण झालं. ते जाऊ दे. ती वेगळीच गोष्ट आहे.

मी आले तेव्हा आमाने तिच्या खोलीतलं कॅलेंडर खिडकीशेजारी सरकवलेलं होतं. कॅलेंडर नेहमी देवाच्या फळीखाली असतं. मी विचारलं, "इकडे कशाला आणलंस?"

"भिंत उघडी दिसत होती."

मी ते उचललं. खिडकीच्या कोपऱ्यातून एक भेग तिरकी खाली उतरली आहे, माझी करंगळी आत जाते. आमा म्हणाली, "म्हातारं घर आहे, सुरकुती पडणारच." फुर्बा दाइ सांगतो, भेग दोन जातींची असते, मेलेली आणि जिवंत. मेलेली असेल तर बुजव आणि विसर. कळत नसेल तर तिच्यावर आडवी काच चिकटव. मी आमाच्या फुटक्या आरशाची एक पट्टी सिमेंटने लावली. काल सकाळी ती मधोमध तडकलेली होती.

गेल्या पत्रात तू लिहिलं होतंस, ज्या बहिणीला स्वतःचा पत्ता नाही तिने दुसऱ्याच्या घराबद्दल बोलू नये. म्हणून या वेळी पत्ता वर लिहिला आहे. तुझाच आहे तो, फक्त वीस-पंचवीस पायऱ्या वर.

जुनेली

१८ मार्च

दाजु,

भेग का पडली ते आता मला कळलं आहे, आणि ते लिहायचं म्हणून मी गेले चार दिवस दुसरीच कामं करते आहे. कोंबड्यांचं खुराडं दुरुस्त केलं. दल्ले मिरच्या लोणच्यात घातल्या. शेजारच्या साइँला काकांच्या रेडिओला नवी वायर लावून दिली.

खाली तुझ्याकडे गेले होते. भाउजूने मागची खोली उघडून दाखवली. आमासाठी घेतलेल्या पलंगावरच्या गादीचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही. भाउजू दर शनिवारी ते पुसते. खिडकीत तिने शेवंतीची कुंडी ठेवली आहे. ही खोली तू कशासाठी बांधलीस ते मला ठाऊक आहे, आणि आमा तिथे राहायला गेली नाही तेव्हापासून तू तिच्याशी का बोलत नाहीस तेही. त्यात मी पडत नाही. मी फक्त भिंतीबद्दल लिहिते.

तुझ्या घरापुढे रस्ता, एका बाजूला वाहता झोरा, दुसरीकडे काकांची वेलचीची जागा. खोलीसाठी जागा मागेच होती, म्हणून तू डोंगर कोरलास. बाबाने वरच्या आणि खालच्या जागेच्या मध्ये जी सुक्या दगडांची भिंत घातली होती तिचा खालचा भाग काढलास आणि तिथे विटेची भिंत उभी केलीस, वर प्लास्टर, त्यावर निळ्या टाइल्स. भिंत छान आहे. पण दाजु, डोंगर म्हणजे पाठ टेकून उकिडवा बसलेला म्हातारा माणूस असतो. त्याचे पाय ओढले की पाठ घसरणारच. त्याच्या पाठीवर आमाचं घर आहे.

आणि विटेला डोंगर धरता येत नाही. तिला छप्पर धरायला शिकवलेलं असतं, म्हणजे वरून येणारं ओझं. मागून ढकलणाऱ्याला अडवायचं तर भिंत स्वतःच्या वजनावर बसलेली हवी. उंचीच्या निम्मी तरी जाडी पायाशी, मागे डोंगराकडे किंचित रेललेली, पाय कच्च्या भरावावर नाही तर घट्ट मातीत रुतलेला. आणि पाण्याला वाट. पाणी अडलं की ओली माती कोरडीपेक्षा दुप्पट त्रास देते. बाबाच्या भिंतीतून सगळा पावसाळा पाणी गळायचं आणि आपण त्यात कागदाच्या होड्या सोडायचो, आठवतं का. तुझ्या मिस्त्रीनेही दोन पाइप ठेवले होते. भाउजूने ते सिमेंटने बुजवले.

"अगं, लाल चिखल यायचा त्यातून," ती म्हणाली. "आमा राहायला येणार म्हटल्यावर चिखल कसा ठेवू? टाइल्स खराब झाल्या असत्या."

तिने तीनदा तो ओलसरपणा रंगवून झाकला आहे. मी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात दोरा ताणून बघितला. मध्ये भिंत दोऱ्याला ढकलून पुढे येते.

"भाउजू, भिंतीला पोट आलंय."

"तुझ्या दाजुलाही आलंय. त्याला कुणी पाडतं का?"

ती हसली, मग तिने परत दोऱ्याकडे पाहिलं आणि हसायची थांबली. सिर्जूची खाट या खोलीला लागूनच्याच खोलीत आहे.

फुर्बा दाइला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आधी पाणी, मग पाय, मग वरचं घर." म्हणजे: आमाच्या छपराचं आणि मोरीचं पाणी उतारावर सोडायचं बंद. मग डोंगराचा पाय परत जागेवर ठेवायचा, जाळीच्या पेट्यांत दगड भरून. शेवटी आमाच्या घराच्या पुढच्या भिंतीखाली नवा पाया. पेट्यांना जागा लागते. ती जागा म्हणजे तुझी मागची खोली, पूर्ण. अर्धी देऊन चालणार नाही, मी मापून पाहिलं, मी खरंच खूप वेळा मापून पाहिलं.

पावसाळ्याच्या आत तुझा होकार हवा. नाहीतर वरचं घर खालच्या घरावर येईल. यापेक्षा नरम शब्दांत मला लिहिता येत नाही.

जुनेली

९ एप्रिल

दाजु,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी भाउजूच्या स्वयंपाकघरात बसले होते, हे तुला माहीत नव्हतं. तिने स्पीकर लावला होता, हात पिठाचे होते म्हणून. तू म्हणालास, "खोलीला कुणी हात लावायचा नाही. आमाला खाली आणा आणि वरचं घर पाडून टाका, संपलं." भाउजू म्हणाली, "बरं." मग तू सिर्जूला अभ्यासाचं विचारलंस आणि लाइन गेली. तुझा आवाज बारीक झालाय. की तिथे हवाच विरळ आहे?

मी वर जाऊन आमाला सांगितलं. ती गुन्द्रुकसाठी आंबवलेला पाला वाळत घालत होती.

"त्याला सांग, मी पाहुणी म्हणून दुसऱ्याच्या खोलीत मरायला जाणार नाही. माझी चूल इथे आहे."

"तो दुसरा आहे का, आमा?"

"खोली दाखवताना तो काय म्हणाला होता? 'आमा, इथे तुला काही करावं लागणार नाही.' काही करावं लागणार नाही म्हणजे काय? लोणच्याची बरणी आहे का मी?"

तर हे असं आहे. आणि समजा ती आली, समजा घरही पाडलं. डोंगराला कोण सांगणार की आता वर कुणी राहत नाही, तू थांब? तो तुझ्या खोलीत येणारच. एवढं तरी ध्यानात घे.

तुझ्या होकाराशिवाय जे करता येईल ते मी सुरू केलं आहे. क्रम चुकतोय, फुर्बा दाइ ऐकेल तर शिव्या देईल. काळा पाइप लावून सगळं पाणी झोऱ्यात नेलं. आता आमाच्या घराच्या पुढच्या भिंतीखाली खणते आहे. ती भिंत बाबाने भराव टाकून केलेल्या सपाटीवर बसली आहे, आणि भराव खाली दबतोय.

हे काम कसं करतात ते लिहिते. तुझ्या चौकीवर कधी उपयोगी पडेल. भिंतीखाली एक खड्डा घ्यायचा, माणूस आत बसून हात हलवू शकेल एवढाच रुंद. घट्ट लाल माती आणि कुजका खडक लागेपर्यंत खोल जायचं. मग खालून दगड आणि सिमेंटचा खांब वर आणायचा, जुन्या पायाच्या खाली वीतभर फट ठेवायची, तो वाळला की त्या फटीत जेमतेम ओलसर मसाला सळईने ठोकून ठोकून भरायचा. ओला भरला तर वाळताना आकसतो आणि घर पुन्हा खाली बसतं. मग दुसरा खड्डा. पण शेजारचा नाही. लांबचा. पहिला पूर्ण कडक होईपर्यंत त्याच्या शेजारच्या मातीला हात लावायचा नाही, कारण तोवर तिथलं सगळं घर त्याच मातीवर उभं असतं. एका वेळी एकच खड्डा. बाकीचा वेळ वाट पाहण्यात जातो.

वाट पाहणं मला जमत नाही, हे तुला माहीत आहे. पण खड्डाच असा असतो की दुसरा माणूस मावत नाही. आमा वरून टोपलीला दोरी बांधून माती ओढते. आत बसलं की डोक्यावर घर असतं आणि बाहेरचं सगळं लांब जातं, गाड्यांचे हॉर्न, शाळेची घंटा. मातीला पावट्यासारखा वास येतो. टोळीत हे काम करताना दोन्ही बाजूंना माणसं असायची, कुणीतरी घाणेरडं गाणं म्हणायचं. इथे मी मोठ्याने बोलून बघितलं. आमा वरून म्हणाली, "काय हवंय?" म्हटलं, काही नाही.

जुनेली

२२ एप्रिल

दाजु,

हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळेल, म्हणून मीच लिहिते.

साइँला काका सकाळी अंगणात आले, मला खड्ड्यातून बाहेर येताना पाहिलं आणि चिडले. "एकट्या पोरीने घर उचलायचं? बस्ती मेली का? तुझ्या बाबाने माझ्या गोठ्याला हात लावला होता, हातांची ती उसनवारी, तो पर्म, अजून फिटलेला नाही."

"काका, हे काम गर्दीचं नाही."

"काम कुठलंच गर्दीचं नसतं. खाणं गर्दीचं असतं. तू डुकराचं मांस बघ, हातांचं मी बघतो."

मी त्यांना समजावलं होतं. एका वेळी एक खड्डा, तेही मी सांगेन तिथे. त्यांनी मान हलवली. काकांची मान रेडिओवरच्या बातम्यांनाही हलते. मला वाटलं, येऊ देत, दगड तरी वाहतील. शिवाय इतक्या दिवसांनी अंगणात माणसं येणार म्हणून मला बरं वाटत होतं. तेही लिहून टाकते.

शनिवारी मी हाटाला मांस आणायला गेले. मांस घेतलं, रायोचा साग घेतला, आणि मेला ग्राउंडवरून परत येताना बाराव्या मैलावरच्या पोरांची मॅच चालू होती. मी जरा उभी राहिले. जरा म्हणजे शेवटपर्यंत. त्यांचा गोलकीपर डावखुरा आहे आणि फार उंच उडी मारतो.

पर्म कसा असतो ते तू विसरला नसशील. सगळे हात एकाच दिवशी येतात आणि जेवायच्या आत काम उरकलं नाही तर बस्तीची लाज जाते. मी घाटीवरून वर आले तेव्हा सगळी मंडळी कुदळी टेकून उभी होती, घामाने चमकत होती. पुढच्या भिंतीखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सलग चर. माझे तयार दोन खांब सोडले तर खाली हवा होती. काका म्हणाले, "बघ, कान्छी. तुझं पावसाळ्यापर्यंतचं काम आम्ही भात शिजायच्या आत केलं."

आमा आत होती. सगळ्यांसाठी चहा करत होती.

मी काय ओरडले ते आठवत नाही. तेवढ्यात साखर दाताखाली यावी तसा आवाज झाला, मोठा नाही, आणि घराचा झोऱ्याकडचा कोपरा खाली बसला. खिडकीची काच आपोआप फुटली. आमा किटली हातात घेऊन दारात आली आणि म्हणाली, "कोणी ढकललं?" दोघांनी तिला किटलीसकट उचललं. मग सगळेच चराकडे धावले. हाताला येईल तो दगड चरात कोंबला, काकांनी त्यांच्या वेलचीच्या भट्टीचे साल लाकडाचे वासे आणले, ते टेकू म्हणून लावले, तेलाची पिंपं दगडांनी भरून कोपऱ्याखाली सरकवली. घर थांबलं. आमाची खोली आता एका बाजूला उतरती आहे, गोळी ठेवली तर घरंगळते.

मी म्हणाले, "मी सांगितलं होतं, काका." सगळ्यांसमोर म्हणाले. ते नको होतं.

काकांनी कुदळ खांद्यावर घेतली. "फौजीचं घर म्हणून आलो होतो. तुझ्यासाठी नाही." त्यांच्यामागे सगळे गेले. शिजलेलं मांस तसंच राहिलं, आमाने ते शेजाऱ्यांच्या घरी पाठवलं तर भांडी तशीच झाकलेली परत आली. त्यांनी मायेनेच खणलं होतं, दाजु. मायेने कुणी इतकं वाकडं करू शकतं हे मला टोळीत कुणी शिकवलं नव्हतं.

खाली तुझ्या मागच्या खोलीतल्या टाइल्स सुटल्या. पलंगावर पडल्या. त्यावर कुणी झोपत नाही, हे या वेळी बरं झालं.

आमाला त्या उतरत्या खोलीत झोपू देता येत नव्हतं. भाउजू वर आली, आमाचं पांघरूण उचललं आणि पायऱ्या उतरायला लागली. आमा तिच्यामागे गेली, "माझं पांघरूण, माझं पांघरूण" करत. सध्या ती सिर्जूच्या खाटेवर असते. दोन-चार दिवसांसाठी, असं म्हणते.

तुझा होकार अजून हवा आहे. आता जास्त हवा आहे.

जुनेली

६ मे

दाजु,

तुझी खोली आता नाही. हे वाक्य मी भाउजूला लिहायला सांगितलं होतं, ती म्हणाली तूच लिही, तुझं अक्षर वाईट आहे, त्याला वाचायला वेळ लागेल आणि तोवर राग जरा उतरेल.

टाइल्स पडल्या त्यानंतरच्या रविवारी तुझा फोन आला. भाउजू तुझ्याशी मुळ्याच्या भावाबद्दल, सिर्जूच्या खोकल्याबद्दल बोलली आणि फोन ठेवला. मी म्हटलं, "खोलीचं विचारलं नाहीस?"

"विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता. मग मला नवऱ्याचा शब्द मोडावा लागला असता. न विचारता केलं तर तो नुसता रागावेल." तिने ओढणी कमरेला खोचली. "आणि भिंत रोज पुसणारी मी आहे. ती काय करतेय ते मला त्याच्या आधी कळतं."

पलंग तिने आणि मी बाहेर काढला. गादीचं प्लास्टिक तिने तेव्हाही काढू दिलं नाही. छपराचे पत्रे उतरवले. रिकाम्या खोलीत तिने पडलेल्या टाइल्समधली एक अख्खी टाइल उचलली आणि स्वयंपाकघरात घागरीखाली ठेवली. मी त्या वेळी दाराबाहेरच उभी होते. मला आत जावंसं वाटलं नाही.

दगड भरायला मात्र माणसं हवी होती. एका खड्ड्याला गर्दी चालत नाही, पण पेट्यांना गर्दीच लागते. काकांकडे कोण जाणार हा प्रश्न होता. आमा म्हणाली, "बाटली घेऊन जा आणि तोंड बंद ठेव." मी घरी गाळलेल्या कोदोच्या रक्सीची बाटली त्यांच्यापुढे ठेवली आणि तोंड बंद ठेवलं. काकांनी बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, काकीला दोन पेले आणायला सांगितले. पहिला पेला त्यांनी एका दमात संपवला. मग ते म्हणाले, "या वेळी नीट सांग काय करायचं नाही ते. काय करायचं ते आम्हाला येतं."

मग बस्ती आली. झोऱ्यापासून खोलीपर्यंत माणसांची ओळ, हातातून हातात दगड. तिथे मी फार सुखात होते, दाजु. कुणीतरी घाणेरडं गाणं म्हटलंच. मोठे चपटे दगड जाळीच्या पुढच्या बाजूला हाताने रचायचे, भिंत घालतो तसे, मधे लहान. नुसते ओतले तर पेटी पोट काढते. तळाची पेटी सर्वांत रुंद, घट्ट मातीत रुतवलेली आणि डोंगराकडे कललेली. प्रत्येक वरचा थर थोडा मागे. पेटी आणि डोंगर यांच्यामध्ये खडी, आणि खडीच्या मागे जाड कापड, म्हणजे माती वाहून येत नाही, पाणी मात्र येतं. काकांनी विचारलं, "सिमेंट कुठेच नाही?" मी म्हटलं, "नाही, पाण्याला जाऊ द्यायचंय." ते म्हणाले, "मग आम्ही इतकी वर्षं सिमेंटवर पैसे का घालवले?" कुणीतरी म्हणालं, "दुसरं काय करणार होतास, काकीला साडी घेणार होतास?" काकी दगड हातात घेऊनच हसत बसली, ओळ तिथे अडली.

तुझी विटेची भिंत आम्ही तुकड्यातुकड्याने पाडली, एक तुकडा पाडला की तिथे पेटी भरूनच पुढचा. आता तुझ्या घराच्या मागे दगडांच्या चार पायऱ्या आहेत, माणसापेक्षा उंच. खोलीची खिडकी होती तिथून आता जाळी दिसते. भाउजूने शेवंतीची कुंडी दुसरीकडे नेली.

राग आला असेल. येऊ दे. सिर्जू रात्रभर सरळ झोपते आहे.

जुनेली

२६ जून

दाजु,

गेले दहा-बारा दिवस पाऊस थांबलेला नाही. रिशी रोडवर दोन ठिकाणी कडा उतरला, आपल्याकडे काही उतरलं नाही. शेवटचा खड्डा मी पावसाच्या आधी भरून घेतला. कोपरा जॅक लावून शक्य तेवढा वर घेतला. पूर्ण येत नाही, ओढाताण केली तर दुसरीकडे फाटतं. थोडा उतार राहिला आहे, पण घर आता खडकावर उभं आहे. भेगा बुजवल्या. चुना मारला. मग खाली गेले.

आमा इस्कुसच्या वेलाचे कोंब निवडत होती, सिर्जू तिच्या मांडीवर पाय टाकून पाठ म्हणत होती.

"आमा, झालं. वर चल."

"इतक्या पावसात पायऱ्या कशाला चढू?"

"पाऊस थांबल्यावर?"

"हिला माझ्याशिवाय झोप येत नाही." कोंबावरचा एक काटा तिने नखाने काढला. "आणि भाउजूला गुन्द्रुक नीट जमत नाही, नासवते. मी नसले तर कसं होणार?"

"मग घर?"

"घर आहे की. तू आहेस ना."

 दुसऱ्या दिवशी ती कुकर न्यायला आली. मग औषधाची पिशवी. मग देवाची फळी काकांच्या मुलाने उचलून नेली. परवा कोंबड्या गेल्या, खुराड्यासकट. जाते असं ती एकदाही म्हणाली नाही, आणि भाउजूनेही ये असं म्हटलं नाही. तुझ्या स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत, अरुंद खाटेवर, एका बाजूला सिर्जू, दुसऱ्या बाजूला भिंत. काम दिवसभर असतं. भाउजूवर ती दिवसभर ओरडत असते आणि भाउजू तिच्यावर. तू तिला ज्या घरात न्यायला बघत होतास तिथेच ती आहे. फक्त तिच्यासाठी बांधलेली खोली नाही. ती खोली असती तर आमा गेली नसती, असं मला वाटतं. हे वाचून तुला बरं वाटेल की वाईट, ते मला ठरवता आलं नाही, म्हणून हे पत्र दोनदा फाडलं.

फुर्बा दाइचा फोन आला होता. लाचेन उघडलंय, ये म्हणाला. मी म्हटलं, थोड्या दिवसांनी. हे त्याला कधी ऐकायला मिळालेलं नाही, त्याने परत विचारलं. पण बघ ना, पाणी झोऱ्यात नेणाऱ्या काळ्या पाइपच्या तोंडात उत्तिसच्या झाडाची पानं रोज अडकतात. एक दिवस काढली नाहीत तर सगळं पाणी पुन्हा पेट्यांच्या मागे जाईल, आणि पेट्यांच्या खाली त्या तिघी आहेत. आमाला पाणी पडताना तिथे जाता येत नाही. भाउजूचं खालचंच संपत नाही. भिंत बांधली की काम संपत नाही, हेही टोळीत कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही भिंत बांधायचो आणि पुढच्या वळणावर जायचो.

मी अजून दोघींचाच भात टाकते. एकटीपुरता टाकायची सवय नाही ना. उरलेला दुसऱ्या दिवशी तळते, मीठ घालून. संध्याकाळी दारात बसले की खालच्या पत्र्याखालून त्यांचं बोलणं येतं. शब्द कळत नाहीत, कोण रागावलंय आणि कोण हसतंय तेवढं कळतं.

गेल्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा भाउजूने तो आमाच्या हातात दिला. मी वरून बघत होते. आमाने तो दोन्ही हातांनी धरला होता, गरम पेला धरतात तसा. खूप वेळ धरला होता. चौकीवरच्या फोनवर तुला एवढा वेळ मिळत नाही, तर कुणाचा तरी मागून घेतला असशील. नंतर ती अंगणात आली, तोंड धुतलं, आणि पुन्हा निवडायला बसली. काय बोललात ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. फोन मला वर आणून द्या असं तू म्हणाला असशील तरी पायऱ्या निसरड्या आहेत, सिर्जूला पाठवता येत नाही. मला ते समजतं.

सुट्टी कधी मिळते तेवढं कळव. नाही कळवलंस तरी पानं काढायला मी आहे. आणि आलास की वर यायची घाई करू नकोस, आधी जेव, आमाजवळ बस. मग खालच्या अंगणातून एकदा हाक मार. इथे सगळं ऐकू येतं.

तुझी कान्छी,
जुनेली